बडोद्यातल्या परदेशी प्रवेश सल्लागाराला १,९४,७०० रुपये दिले, त्याचा हा हिशोब

मांडवी आणि न्यायमंदिराच्या आसपासच्या सात-आठ दुकानांचं नामं, म्हणजे हिशोबाच्या चोपड्या, मी लिहिते. गेली एकोणीस वर्षं. खात्यातून काय गेलं आणि बदल्यात काय आलं, हे दोन रकान्यांत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून लेकीच्या अमेरिकेच्या प्रवेशासाठी ज्या सल्लागारांना आम्ही पैसे दिले, त्यांचाही हिशोब मांडून टाकते. नाव लिहीत नाही. अलकापुरीत अशी डझनभर ऑफिसं आहेत. काच तीच, कॉफीचं मशीन तेच, भिंतीवरचे हसरे फोटोही तसेच. तुम्ही ज्या ऑफिसात जाऊन आलात ते हेच असेल, नाहीतर याचं भावंड.

घाईत असाल तर एवढंच वाचा: पाचापैकी अडीच तारे. त्यातले दोन तिथे निबंध वाचणाऱ्या एका मुलीचे. उरलेला अर्धा कॉफीचा.

मार्च २०२४. लेकीची अकरावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात नणंदेने व्हॉट्सॲपवर सेमिनारचं आमंत्रण पाठवलं. फुकट होतं. रेसकोर्सकडच्या एका हॉटेलात दोनशे खुर्च्या आणि खुर्चीगणिक एक आई नाहीतर एक बाप. मुलं बहुतेक मागे उभी राहून मोबाइल बघत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: ‘अर्ली डिसिजन म्हणजे तिप्पट संधी’. माझ्या शेजारच्या बेननी ते वहीत उतरवून खाली दोनदा रेघ मारली. मीही मारली, खोटं कशाला सांगू.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत अर्ज करायच्या दोन-तीन वाटा असतात. नेहमीची वाट म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्ज, मार्चअखेर निकाल, आणि १ मेपर्यंत कुठे जाणार ते कळवायचं. अर्ली डिसिजन म्हणजे बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला अर्ज आणि डिसेंबरच्या मध्याला निकाल. पण हा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जाईन असं लिहून द्यावं लागतं. अर्ली ॲक्शन म्हणून तिसरी वाट आहे. तीही लवकरची, पण तिच्यात बांधिलकी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड ही तिसरीच वाट ठेवतात, फक्त दुसऱ्या खासगी कॉलेजांत त्याच वेळी लवकरचा अर्ज करू नका अशी अट घालतात. सेमिनारमध्ये या सगळ्याला मिळून ‘अर्ली’ एवढा एकच शब्द होता. बांधिलकीचा भाग प्रश्नोत्तरांत आला, तोही एका आजोबांनी विचारला म्हणून.

पॅकेज १,६५,००० रुपयांचं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,७००. एकूण १,९४,७००, तीन हप्त्यांत. यात सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेचा चाळीस तासांचा क्लास, दहा कॉलेजांची यादी, निबंधांवर काम, फॉर्म भरणं आणि व्हिसाच्या मुलाखतीची तालीम. शिवाय ‘निकाल न लागल्यास अर्धी फी परत’. हे वाक्य ठळक होतं. त्याखालच्या अटी बारीक अक्षरांत होत्या, पण बारीक अक्षर वाचायचेच मला लोक पैसे देतात. अटी तीन: सॅटमध्ये १५०० च्या वर मार्क हवेत, दहाही अर्ज त्यांच्याच यादीप्रमाणे हवेत, आणि अर्ली डिसिजनचा अर्ज ते सांगतील त्याच कॉलेजला हवा. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, हे अर्धे परत येणारे पैसे चोपड्यात येणं म्हणून धरू नका.

तरी सही केली. परदेशी शिकायला जायच्या आधी करारावर सही करणं बडोद्याला नवं नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन असं लिहून देऊन. पण त्या करारात पैसे मिळत होते. आमच्यात जात होते. सही करताना मला उगाचच ते आठवत होतं.

आधी क्लासबद्दल. शिकवणारा मुलगा हुशार आणि मनापासून शिकवणारा. पुस्तकं मात्र कागदी परीक्षेच्या जमान्यातली. सॅट भारतात मार्च २०२३ पासून पूर्ण संगणकावर आहे. आता एक छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न असतो. आमच्या पुस्तकांत पानभर उतारे आणि त्यांखाली दहा-दहा प्रश्न. नवी परीक्षा दोन तास चौदा मिनिटांची: वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, गणिताचे ४४. प्रत्येक विषयाचे दोन भाग, आणि पहिल्यात तुम्ही कसं केलं त्यावरून दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. सोपा आला की वरचे मार्क तिथेच संपले. म्हणजे पहिल्या भागात घाई परवडत नाही. ही गोष्ट क्लासमध्ये पाचव्या आठवड्यात सांगितली गेली, आणि सांगितली आमच्या लेकीने. ती घरी परीक्षेच्याच ब्लूबुक ॲपवर सराव करत होती. तो फुकट आहे. खान अकॅडमीवरचाही फुकट आहे. क्लासच्या सराव चाचणीत तिला १३२०, ब्लूबुकवर १४४०. मुलगी तीच, आठवडाही तोच. चाळीस तासांपैकी चोवीस झाल्यावर तिने जाणं बंद केलं आणि मी काही बोलले नाही.

पहिली परीक्षा २४ ऑगस्टला, केंद्र अहमदाबादला. शनिवारी पहाटे साडेचारला निघालो. सोमवारी गोकुळाष्टमी, आणि त्याच सुमारास विश्वामित्री फुगली. पुढचे तीन-चार दिवस बडोद्यात जे झालं ते इथल्यांना सांगायला नको. समामध्ये माझ्या भावाच्या घरात कमरेएवढं पाणी, अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, भरलेलं, सोसायट्यांत मगरी. त्या आठवड्यात आमच्या घरी सॅट हा शब्द कुणी काढला नाही. मार्क आले तेव्हा आम्ही भावाच्या गाद्या गच्चीत वाळवत होतो. १४५०.

दुसरी परीक्षा ५ ऑक्टोबरला. घटस्थापना ३ तारखेला! म्हणजे नवरात्रातला तिसरा दिवस, आणि पहाटे पुन्हा अहमदाबाद. बडोद्यात नवरात्रात दहा वाजता झोपायला सांगितलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा चेहरा कसा असतो ते इथल्या आईनेच पाहावं. मागच्या खोलीत खिडक्या लावून, कानात कापूस घालून झोपली. गरबा तरीही ऐकू येत होताच. मार्क आले १५१०.

आता खरा मुद्दा. मार्क आले त्याच संध्याकाळी ऑफिसातून फोन: मॅडम, नोव्हेंबरमध्ये एकदा परत देऊ या, १५५० करू, त्यासाठी वेगळा क्रॅश कोर्स आहे, अठरा हजार. मी विचारलं, चाळीस मार्कांनी नेमकं काय बदलेल? उत्तर आलं, ‘प्रोफाइल स्ट्राँग होईल’. माझ्या धंद्यात या उत्तराला ‘किरकोळ खर्च’ म्हणतात. पावती नसली की तिथे टाकतात.

मग मी स्वतः शोधायला बसले, आणि जे सापडलं त्याचा एक रुपयाही लागला नाही. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं कागद प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावापुढे हे तीन शब्द टाइप केले की मिळतं. ताळेबंद वाचता येत असेल तर हेही येईल. सी-७ या रकान्यात कशाला किती महत्त्व ते लिहिलेलं असतं: शाळेतले विषय आणि मार्क, निबंध, शिफारसपत्रं, सॅट, सगळं. सी-९ मध्ये सॅटच्या दोन रेघा असतात. खालची रेघ म्हणजे जिच्या खाली प्रवेश घेतलेल्यांपैकी २५ टक्के मुलं आहेत, वरची म्हणजे जिच्या वर २५ टक्के. हार्वर्डसारख्या ठिकाणी या दोन रेघा साधारण १५०० आणि १५८० च्या आसपास. म्हणजे आमची लेक तिथे खालच्या रेघेला जेमतेम टेकलेली, आणि १५५० झाले असते तरी मधल्याच घोळक्यात.

बँकेत कर्जाला जाता तेव्हा सिबिल स्कोअर बघतात तसं हे आहे. सहाशे असेल तर मॅनेजर फाइल उघडत नाही. साडेसातशे असेल तर उघडतो. मग बघतो धंदा काय, तारण काय, माणूस कसा. आठशेवाल्याला साडेसातशेवाल्यापेक्षा मोठं कर्ज मिळतं असं काही नाही. क्रॅश कोर्सचे अठरा हजार वाचले ते इथे.

सी-९ मध्ये एक मेख आहे, तीही सांगते, कारण ऑफिसातल्या सरांना ती माहीत नव्हती किंवा सांगायची नव्हती. २०२० मध्ये कोविडमुळे जवळजवळ सगळ्यांनी सॅट ऐच्छिक केली. ज्यांचे मार्क चांगले त्यांनीच पाठवले, बाकीच्यांनी झाकून ठेवले. त्यामुळे रेघा वर सरकल्या. म्हणून रेघांच्या शेजारी ‘किती टक्के मुलांनी मार्क दिले’ तो आकडा आधी बघा. तो ४० टक्के असेल तर त्या रेघा वर्गातल्या निम्म्याहून कमी मुलांच्या आहेत.

पुढे वारं फिरलं. एमआयटीने मार्च २०२२ मध्येच सॅट परत सक्तीची केली. २०२४ च्या फेब्रुवारीत डार्टमथ आणि येल, मार्चमध्ये ब्राउन, एप्रिलमध्ये हार्वर्ड आणि कॅलटेक. (येलने सॅटच्या जागी दुसऱ्या काही परीक्षाही चालतील असं ठेवलं.) कोलंबियाने ऐच्छिकच ठेवली, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ तर मार्क पाठवले तरी बघत नाही. डार्टमथने दिलेलं कारण मला पटलं: साध्या शाळांतली मुलं आपले मार्क कमी समजून लपवत होती, आणि त्या शाळेच्या मानाने ते मार्क चांगले असल्यामुळे उलट त्यांना उपयोगी पडले असते. आमची शाळा सीबीएसईची, मध्यम फीची. तिथून अमेरिकेला कुणी थेट कॉलेजात गेलेलं नाही. तिथले ९४ टक्के म्हणजे काय हे हजारो मैलांवरच्या माणसाला कसं कळणार? १५१० त्याला कळतं. म्हणून आम्ही सगळीकडे मार्क पाठवले. आमच्या सल्लागारांच्या एका स्लाइडवर ‘सॅट नसली तरी चालेल’ आणि दुसरीवर ‘१५५० हवेतच’ असं होतं, दोन्ही एकाच सेमिनारमधल्या. बहुधा ऐकणाऱ्याच्या खिशाप्रमाणे स्लाइड निवडायची.

आता ती तिप्पट संधी. तिचा मी कागदावर हिशोब केला. सी-२१ या रकान्यात अर्ली डिसिजनचे अर्ज किती आणि प्रवेश किती ते असतं. सी-१ मध्ये सगळे मिळून. वजाबाकी केली की नेहमीच्या वाटेचा आकडा निघतो. समजा एका कॉलेजकडे दहा हजार अर्ज आले. त्यांतले एक हजार अर्लीचे, त्यांतल्या ३०० जणांना घेतलं. उरलेल्या नऊ हजारांतून ९०० घेतले. तीस टक्के विरुद्ध दहा टक्के. तिप्पट. इथपर्यंत सेमिनार बरोबर.

पण त्या ३०० मध्ये कोण आहेत? खेळाडू, ज्यांना प्रशिक्षकाने आधीच हेरलेलं असतं. माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची मुलं. समजा फक्त १२० खेळाडू बाजूला काढले. उरले ८८० अर्ज आणि १८० जागा. साधारण २० टक्के. तिप्पटचं दुप्पट झालं, आणि अजून देणगीदारांना हात लावलेला नाही. फायदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. ख्रिस्तोफर एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चौदा कॉलेजांचे अर्ज तपासून लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅटच्या जवळजवळ शंभर मार्कांएवढा आहे असं मांडलं होतं. कारणही सरळ आहे: ‘येणारच’ असं लिहून देणारं गिऱ्हाईक कोणत्या दुकानदाराला नको असतं? वर्ग किती भरेल याची त्याची काळजी डिसेंबरातच निम्मी मिटते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये ही लवकरची वाट गरीब मुलांवर अन्याय करते म्हणून बंद करायचं जाहीर केलं होतं. २०११ मध्ये दोघांनी परत उघडली.

पण ‘येणारच’ हे लिहून द्यायचं कधी? भाव कळायच्या आधी. माझा सगळा विरोध इथे आहे. तिथल्या खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट खर्च २०२४ मध्ये वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलर. तेव्हाच्या चौऱ्याऐंशीच्या भावाने सत्तर-पंचाहत्तर लाख रुपये. माझं नामं आणि मकरपुऱ्यात ह्यांची नोकरी, दोन्ही मिळून चार वर्षांतही तेवढे होत नाहीत. म्हणजे आम्हाला कॉलेजची आर्थिक मदत हवीच. आणि परदेशी मुलाने मदत मागितली की बहुतेक ठिकाणी ते प्रवेशाच्या वेळी त्याच्या विरुद्ध धरलं जातं. न धरणारी थोडी आहेत, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि आता ब्राउन. बाकीच्यांकडे परदेशी मुलांसाठी एक ठरावीक थैली असते, ती संपली की संपली.

सरांनी आमच्यासाठी अर्ली डिसिजनला निवडलेलं विद्यापीठ मोठ्या शहरातलं, नाव तुमच्या सासूबाईंनाही माहीत असेल असं. मी त्याचा एच-६ उघडला. परदेशी मुलांना किती जणांना आणि सरासरी किती मदत दिली ते या रकान्यात असतं. जवळजवळ काही नाही. कागद छापून घेऊन गेले. सर म्हणाले, ‘मॅडम, पहिले ॲडमिशन तर येऊ द्या, पैशाचं बघू.’

‘पैशाचं कोण बघणार?’ मी विचारलं.

‘अर्लीमधून पैसे पुरत नसतील तर सुटता येतं, मॅडम.’

हे खरं आहे. मदत पुरेशी नसेल तर कॉलेज सोडतं. पण तोपर्यंत डिसेंबरचा मध्य उलटलेला असतो, दुसरीकडच्या ऑफर हातात नसतात, आणि तुलना करायला काही नसतं. भाव न विचारता माल घेणारच असं एका दुकानदाराला लिहून द्यायचं, आणि भाव कळल्यावर परवडत नाही म्हणून तोंड पाडून परत यायचं. त्यापेक्षा आधीच चार दुकानं फिरलेली काय वाईट? सरांचा रस कशात होता ते मला पुढच्या भेटीत कळलं. भिंतीवरच्या फोटोंखाली विद्यापीठांची नावं होती. फी कुणी भरली, किती भरली, शेवटी कोण गेलं, हे नव्हतं.

शेवटी आम्ही ईशान्येकडचं एक छोटं कॉलेज अर्लीसाठी निवडलं. परदेशी मुलांनाही गरजेएवढी पूर्ण मदत देणारं. फक्त मदत मागणं प्रवेशात मोजणारं. अशा ठिकाणी लवकर जाण्यात अर्थ होता, थैली भरलेली असते. सरांनी ईमेलवर लिहून घेतलं की ही निवड कंपनीची नाही. अर्ध्या फीचं वाक्य तिथेच मेलं.

आता ती निबंधवाली मुलगी. एम. एस. युनिव्हर्सिटीतून इंग्रजी केलेली, कारेलीबागेतली, मराठी. मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायची. ऑफिसातली एकटीच अशी, जिने लेकीला विचारलं, ‘तुला तिथे जाऊन करायचंय काय?’ लेकीने पहिला खर्डा लिहिला तो पुरावर, मगरीसकट. तिने वाचून सांगितलं, ‘छान आहे, पण या वर्षी बडोद्यातून जाणाऱ्या प्रत्येक निबंधात मगर असणार आहे.’ खरंच होतं ते! त्या आठवड्यात तिच्याकडे सहा मगरी आल्या होत्या.

मग बोलता बोलता लेक म्हणाली की लहानपणी ती माझ्याबरोबर दुकानांत चोपड्या तपासायला बसायची. एका लोखंडवाल्या शेठचा मेळ बसत नव्हता, ६३ रुपयांचा फरक. मी तिला सांगितलं होतं, फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. दीड तास शोधून तिनेच काढलं: ८१ च्या जागी १८. तेव्हा ती दहा वर्षांची होती. शेठने तिला शेव-उसळ खायला घातली आणि ती तिखटाने रडली. त्या मुलीने एवढं ऐकलं आणि म्हणाली, हेच लिही. कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाच्या, मुख्य निबंधाला साडेसहाशे शब्दांची मर्यादा आहे. सात खर्डे झाले. तिने स्वतः एक वाक्यही लिहून दिलं नाही, फक्त समासात प्रश्न विचारत राहिली. दुसऱ्या टेबलावर बाकीचे निबंध साच्यातून काढल्यासारखे निघत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही अशा ठिकाणी जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी निबंध कोण वाचतं त्या माणसाला भेटा. सरांना नंतर भेटलात तरी चालेल.

फॉर्म भरण्याचं काम जे पॅकेजमध्ये होतं, त्याबद्दल. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक फॉर्म असतो, उत्पन्न, बचत, घर, सगळं. तो भरणाऱ्या मुलाने आमचं दांडिया बाजारचं घर पूर्ण किमतीने आमच्या नावावर टाकलं. ते घर सासऱ्यांचं, चार भावांत सामायिक, आमचा वाटा एक चतुर्थांश, आणि त्यातही खालच्या मजल्यावर जुना भाडेकरू. मी शेवटच्या क्षणी तपासलं म्हणून, नाहीतर कॉलेजच्या लेखी आम्ही वाडेवाले सरदार झालो असतो. अर्ली डिसिजनच्या करारावर मुलीची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची अशा तीन सह्या लागतात. आमच्या शाळेत तो समुपदेशक म्हणजे प्रिन्सिपल. त्यांनी कागद दोनदा वाचला, कारकुनाला बोलावलं, आणि विचारलं की यावर शाळेचा गोल शिक्का मारायचा की चौकोनी. शिक्का नको, संगणकावरच भरायचं, हे समजावण्यात एक दुपार गेली.

डिसेंबरच्या मध्याला, आपल्याकडे पहाटे, निकाल आला. नाही. लेक सकाळी शाळेत गेली, पूर्वपरीक्षा चालू होती. ऑफिसचा फोन दहाला आला: अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते, जानेवारीत, चला टाकू. कुठे? तेच मोठ्या शहरातलं. मी नको म्हटलं.

आणि मग कंपनी सुट्टीवर गेली. २५ डिसेंबर ते १ जानेवारी ऑफिस बंद. बहुतेक अर्जांची शेवटची तारीख १ ते ५ जानेवारी! हे एवढं एक वाक्य कुणी मला मार्चमध्ये सांगितलं असतं तर मी कॉफीही न पिता उठले असते. ३० तारखेला रात्री ती कारेलीबागेची मुलगी स्वतःच्या स्कूटीवर आमच्या घरी आली. जमिनीवर बसून, साबुदाण्याची खिचडी खात, चार कॉलेजांचे छोटे निबंध तिने लेकीबरोबर बारा वाजेपर्यंत वाचले. पैसे घेतले नाहीत. संक्रांतीला मी तिला तिळगुळाबरोबर एक साडी दिली, ती घेतली.

यादीतली तीन नावं मी बदलली. माझी कसोटी साधी होती. सी-९ मध्ये लेकीचे १५१० वरच्या रेघेच्या वर पडले पाहिजेत, आणि एच-६ मध्ये परदेशी मुलांना खरोखर पैसे दिलेले दिसले पाहिजेत. जिथे ती खालच्या रेघेला टेकलेली होती तिथे मार्क फक्त फाइल उघडायला कामाचे. जिथे ती वरच्या रेघेच्या वर होती, तिथे कॉलेजला ती हवी होती, आणि हवी असलेल्या मुलीसाठी थैलीत हात जातो. सरांनी ही तीन नावं ऐकून नाक मुरडलं, ‘मॅडम, कोणी ओळखत नाही’.

मार्चअखेर हिशोब पूर्ण झाला. दहा अर्ज. सहा नकार, दोन प्रतीक्षायादी, दोन होकार. एक होकार सरांच्या यादीतला, एका पैशाच्या मदतीशिवाय; तो नाही म्हणून कळवला. दुसरा माझ्या तिनांतला, मिडवेस्टमधलं छोटं कॉलेज. मदत वजा जाता आमच्या वाट्याला वर्षाला तेरा लाखांच्या आसपास. जड आहे, पण बेताचं जड.

अर्धी फी मागितली का? मागितली, नियम म्हणून. दोन ओळींत नकार आला, बारीक अक्षरांतल्या तिसऱ्या अटीचा हवाला देऊन. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम ठीक होती. मुंबईचा स्लॉट आम्हाला मे महिन्याच्या मध्याचा मिळाला, महिनाअखेरीस नवे स्लॉट द्यायचंच थांबलं, त्यामुळे त्यात कंपनीपेक्षा गणपतीचा हात जास्त. निबंधवाल्या मुलीने जूनमध्ये ती नोकरी सोडली, तेव्हा दोन तारेही आता तिथे नाहीत.

गेल्या महिन्यात गेंडा सर्कलवरून जाताना ह्यांनी स्कूटर थांबवली. वर होर्डिंगवर आमची लेक, शाळेच्या गणवेशात, कॉलेजचं नाव, १५१०, आणि खाली ‘अर्ली ॲडव्हान्टेज बॅच’. ऑफिसला फोन केला. म्हटलं, भाऊ, ते अर्लीत नाही म्हणाले होते, हे मार्चमधलं आहे, आणि हे कॉलेज तुमच्या यादीत नव्हतं. पलीकडचा नवीन मुलगा फार अदबीने म्हणाला, ‘बेन, बोर्ड सगळ्यांचा एकच छापलाय.’

फोटो आम्ही दिलेला नाही. चांगला आलाय मात्र.